येऊ घातलेल्या लोकलचा अभ्यास : नवशिक्यांसाठी गाइड

महाराष्ट्रात ज्या तालुक्याला रेल्वे नाही, त्याला येऊ घातलेली रेल्वे असते. आजोबांच्या लग्नाच्या वेळी ती दोन वर्षांत येणार होती, वडिलांच्या लग्नाच्या वेळी तिचा सर्व्हे चालू होता, आणि आता नातवाच्या लग्नपत्रिकेत कार्यालयाचा पत्ता ‘नियोजित रेल्वे स्टेशनजवळ’ असा छापून आला आहे.

अशा एखाद्या लोकलच्या अभ्यासाचं काम तुमच्या गळ्यात पडलं असेल. तुम्ही सल्लागार कंपनीत नुकतेच चिकटलेले इंजिनीअर असाल, किंवा रेल्वे संघर्ष समितीच्या बैठकीत “तुला इंग्रजी वाचता येतं ना, मग घे” असं म्हणून कुणी फाइल तुमच्या मांडीवर ठेवली असेल. घाबरू नका. शाळेत पाठ्यपुस्तक न उघडता गाइडवर पास होता येत असे, तसंच हे वाचून रुळावर पाय न ठेवता अहवाल लिहिता येतो.

धडा पहिला : रेघ

साहित्य : जिल्ह्याचा नकाशा, फूटपट्टी, लाल पेन.

आपलं गाव आणि जवळचं मोठं स्टेशन यांच्यावर फूटपट्टी ठेवा आणि सरळ रेघ ओढा. हे काम दहा मिनिटांचं आहे. अभ्यासाची उरलेली तीस वर्षं ही रेघ वाकडी करण्यात जातात.

परंपरा मोठी आहे, तेव्हा हात थरथरू देऊ नका. १८४३ साली मुंबई सरकारचे मुख्य अभियंता जॉर्ज क्लार्क भांडुपला गेले असताना त्यांच्या मनात आलं, की मुंबईहून कुर्ला, ठाणे, कल्याण करत घाटापर्यंत रूळ टाकता येतील. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली. ३४ किलोमीटरचा मार्ग, १४ डबे, सुमारे ४०० पाहुणे आणि ओढायला साहिब, सिंध, सुलतान ही तीन इंजिनं. कल्पनेपासून गाडीपर्यंत दहा वर्षं लागली. त्यातच नाना शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभॉय यांचा पाठपुरावा झाला, लंडनमध्ये कंपनी उभी राहिली आणि इंजिनं बोटीने आली. नवशिक्याने या उदाहरणाने खट्टू होऊ नये. त्या लोकांकडे अभ्यासाला आपल्याइतका वेळ नव्हता.

धडा दुसरा : कठीण शब्दांचे अर्थ

सर्व्हे : हा कधीच एकटा येत नाही. आधी नुसती पाहणी, मग प्राथमिक सर्व्हे, मग फायनल लोकेशन सर्व्हे. त्यातल्या ‘फायनल’वर जाऊ नका. लग्नात ‘शेवटची पंगत’ तीनदा बसते, तसंच आहे.

डीपीआर : सविस्तर प्रकल्प अहवाल. तो छापून होईपर्यंत त्यातले सिमेंट-लोखंडाचे भाव शिळे होतात, म्हणून पुढे ‘सुधारित डीपीआर’ येतो.

तत्त्वतः मंजुरी : मुलगी पसंत आहे, पत्रिका बघून कळवतो.

पिंक बुक : अर्थसंकल्पाबरोबर येणारी रेल्वेच्या कामांची यादी. तिच्यात आपल्या मार्गापुढे १,००० रुपये दिसले तर टायपिंगची चूक समजून फोन करू नका. काम यादीतून गळू नये म्हणून अशी नाममात्र रक्कम टाकून ठेवण्याची पद्धत आहे. शेकडो कोटींच्या कामात धुगधुगी आहे, एवढंच ती सांगते.

युद्धपातळी : ही समुद्रसपाटीपासून मोजतात. निवडणुकीच्या सुमारास तिची उंची वाढते.

धडा तिसरा : माणसं मोजणे

रेल्वे आली तर किती लोक जातील, हे आधी ठरवावं लागतं. त्यासाठी फॉर्म छापतात आणि ते भरून आणायला कॉलेजची मुलं पाठवतात.

मी त्या मुलांपैकी एक होतो. एका सल्लागार संस्थेने आम्हाला फॉर्ममागे पैसे कबूल केले होते. ठरल्याप्रमाणे सकाळी साडेदहाला मी तालुक्याच्या एसटी स्टँडवर पोचलो. नोकरीवाले सहाच्या गाडीने कधीच गेले होते. राहिले होते ते कोर्टाच्या तारखेला आलेले, दवाखान्यात आलेले आणि गाडी चुकलेले. मुख्य प्रश्न होता : ‘रेल्वे सुरू झाल्यास आपण तिने प्रवास कराल का?’ याला नाही कोण म्हणतो? एका गृहस्थांनी तर ‘दोनदा करीन’ असं लिहून घ्यायला लावलं.

फलाटाच्या कडेला एक मावशी रिकामी पाटी उपडी करून तिच्यावर बसल्या होत्या. मी फॉर्म पुढे केला.

“मावशी, इथून रेल्वे सुरू झाली तर जाल का तिने?”

“येऊ दे की. सकाळची कितीला हाय?”

“ते अजून ठरलं नाही.”

“आन परतीची?”

मी फॉर्म उलटा करून पाहिला. वय, शिक्षण, मासिक उत्पन्न, घरात दुचाकी आहे का, सगळ्याला रकाने होते. परतीच्या वेळेला नव्हता.

“माल खपेस्तोवर सात वाजत्यात पोरा,” त्या म्हणाल्या. “परतीची साडेपाचलाच गेली, तर तुझी रेल्वे घेऊन मी काय करू?”

मी ‘होय’वर टिक केली आणि पुढच्या माणसाकडे वळलो. दुपारी ऊन चढल्यावर उरलेले फॉर्म आम्ही तिघांनी चहाच्या टपरीवर बसून भरून टाकले. सगळे ‘होय’. पुढे अहवालात हे ‘प्रत्यक्ष सर्वेक्षणातून मिळालेला उत्स्फूर्त प्रतिसाद’ या नावाने गेलं असणार.

नवशिक्यासाठी नियम : स्टँडवर आहे तोच प्रवासी. शेवटची एसटी सहाला सुटते म्हणून जिने शहरातल्या कॉलेजात नाव घातलं नाही, ती मुलगी स्टँडवर नसते. रात्रपाळी परवडत नाही म्हणून ज्याने शहरातली नोकरी सोडली, तो शेतावर असतो. ही मंडळी मोजणीत येत नाहीत, तेव्हा त्यांची मागणी शून्य धरावी.

गर्दीचंही एक माप असतं. मुंबईच्या लोकलने नियोजनाच्या शब्दकोशाला ‘सुपर डेन्स क्रश लोड’ हा शब्द दिला आहे. एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ माणसं उभी, असा त्याचा अर्थ. घरातली सतरंजी चौपदरी करून तिच्यावर सोळाजणांना उभं करून पाहा. जमलं तर तुमचा मार्ग फायद्यात जाणार.

धडा चौथा : रेघ वाकडी का होते

पहिलं कारण डोंगर. कर्जत ते लोणावळा या बोरघाटात चढ ३७ मीटरला १ मीटर असा आहे. पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिनं लावावी लागतात, ती ढकलत ढकलत गाडी वर नेतात. मुंबईची लोकल कर्जत-खोपोलीला थांबते आणि १९७८ पासून धावणारी पुण्याची लोकल लोणावळ्याला. नकाशावर या दोन लाल रेघा एकमेकींना चिकटल्यासारख्या दिसतात. मध्ये घाट आहे आणि तिथे लोकल नाही.

डोंगर टाळता येत नसेल तर फोडावा लागतो. पनवेल ते कर्जत या साधारण ३० किलोमीटरच्या दुहेरी उपनगरी मार्गाला २०१६ साली ‘मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पा’च्या तिसऱ्या टप्प्यात (एमयूटीपी-३) मंजुरी मिळाली. पनवेल, चिखले, मोहोपे, चौक, कर्जत अशी पाचच स्टेशनं आणि त्यांच्यामध्ये तीन बोगदे. त्यांतला वावर्ले बोगदा अडीच किलोमीटरहून लांब आहे. स्टेशनं मोजून पाच असली तरी प्लॉटच्या जाहिरातींमध्ये ती पंचवीस आहेत.

दुसरं कारण खाडी. खारफुटी सार्वजनिक कामासाठी तोडायची झाली तरी उच्च न्यायालयाची परवानगी लागते. ही परवानगी मागायला जाताना ‘झुडपं’ हा शब्द वापरू नका. मासळीची पिल्लं त्याच झुडपांत वाढतात, आणि खाडीकाठचा कोळी हे तुमच्या पर्यावरण अहवालाच्या आधीपासून जाणतो.

तिसरं कारण तारे. हा विनोद नाही. जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या ३० प्रचंड तबकड्या दूरच्या आकाशगंगांकडून येणारे अतिशय क्षीण तरंग ऐकतात. शेजारून विजेवर धावणारी गाडी गेली, की तिच्या खरखरीत ती कुजबुज बुडून जाणार. पुणे-नाशिक सेमी हायस्पीड रेल्वेची मूळ आखणी या दुर्बिणीच्या परिसरातून जात होती, म्हणून तिला अडचण आली आणि दुसरी वाट शोधण्याची भाषा सुरू झाली. त्यावर नारायणगाव-संगमनेरच्या लोकांनी मूळ मार्गच हवा म्हणून आवाज उठवला. अभ्यासाची व्याप्ती किती असावी, हे यावरून ध्यानात यावं. कोट्यवधी प्रकाशवर्षांवरच्या मंडळींची हरकत येते, आणि नारायणगावच्या टोमॅटोवाल्याचीही.

धडा पाचवा : परतावा

आता गणित. रेल्वेच्या नव्या मार्गातून गुंतवणुकीवर वर्षाला १४ टक्के परतावा सुटला पाहिजे, ही कसोटी अनेक वर्षं लावली जाई. तुमच्या लोकलला ती लावून बघू.

उपनगरी गाडीचा दुसऱ्या वर्गाचा महिन्याचा पास साधारण १५ एकेरी तिकिटांच्या पैशांत येतो. महिन्याला २५ दिवस कामावर जाणारा माणूस ५० फेऱ्या करतो. म्हणजे ३५ फेऱ्या फुकट. त्यातून सगळे सकाळी आठला एकाच दिशेला जातात आणि संध्याकाळी सहाला उलट. अकरा ते चार डबे रिकामे फिरतात, पण मोटरमन, वीज आणि गँगमन यांचा खर्च दुपारी झोपत नाही. तेव्हा १४ टक्के विसरा. उत्तर उणे आलं तर वजाबाकी बरोबर झाली असं समजा.

मग इतका पैसा जातो कुठे? तो तिकिटाच्या खिडकीवर येतच नाही. तो रुळाच्या दोन्ही अंगांना जमिनीत मुरतो. काल गुंठ्याला विचारत नव्हते तिथे आज टोकन देऊन बुकिंग चालू आहे, हा तोच पैसा. शहाणे नियोजक हे ओळखतात. नेरुळ-बेलापूर-उरण मार्गाच्या खर्चात ६७ टक्के वाटा नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोचा आणि ३३ टक्के रेल्वेचा ठरला. आसपासची जमीन विकसित करून विकायची होती सिडकोला, तेव्हा रुळाला मोठा हातभारही सिडकोनेच लावायचा, हा हिशेब सरळ होता. इतरत्र मात्र रूळ सरकार टाकतं आणि भाव प्लॉटवाला घेतो.

धडा सहावा : जमीन

इथे गाइडचा आवाज जरा खाली येतो.

तुमची लाल रेघ नकाशावर अर्धा मिलिमीटर जाड असते. जमिनीवर ती कुणाच्या तरी भातशेतीतून, विहिरीवरून, म्हसोबाच्या देवळाला लागून जाते. रेघ आधी कोणाला कळली, यावर पुढचं सगळं ठरतं. ज्याला आधी कळते, तो रेघेशेजारची जमीन घेऊन ठेवतो. ज्याच्या जमिनीवरूनच ती जाते, त्याला शेवटी नोटिशीने कळते.

उरण-पनवेलकडे हा विषय काढताना तारखा पाठ असाव्यात. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि नव्या शहरासाठी इथल्या गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या. जानेवारी १९८४ मध्ये जासई आणि नवघर परिसरात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर आले. पोलिसांच्या गोळीबारात पाचजण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला परत देण्याचं तत्त्व आलं. अहवालात ‘भूसंपादन : किरकोळ अडचणी’ असं लिहिण्याआधी त्या रस्त्याने एकदा चालून या.

सोडवलेले उदाहरण

नेरुळ-बेलापूर ते उरण, सुमारे २७ किलोमीटर.

प्रश्न : उरणला लोकल का हवी?

उत्तर : १९८९ साली उरणजवळ जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झालं. तेव्हापासून त्या रस्त्यावर कंटेनरचे ट्रेलर आणि त्यांच्यामधून वाट काढणारी माणसं आहेत. बंदरातल्या कंटेनरला रेल्वे होती. उरणच्या माणसाला मात्र बस, टमटम आणि नशीब.

पायरी १ : नव्वदच्या दशकात मार्ग मंजूर.

पायरी २ : जमीन, खारफुटी, वनखात्याची परवानगी, पैशाचे वाटे. खर्चाचा आकडा शेकडो कोटींतून निघून हजारांत गेला. मंजुरीच्या वर्षी जन्मलेली मुलं शाळा संपवून कॉलेजात गेली.

पायरी ३ : ११ नोव्हेंबर २०१८ ला खारकोपरपर्यंत गाडी सुरू. म्हणजे निम्म्याहून कमी वाट. पुढची पाच वर्षं उरणकर खारकोपरचं नाव पाहुण्याच्या घरासारखं घेत : अर्ध्यापर्यंत आलात, आता या की.

पायरी ४ : १२ जानेवारी २०२४ ला उरणपर्यंत गाडी. त्याच दिवशी समुद्रावरून मुंबईला जोडणारा अटल सेतूही खुला झाला. अभ्यास सुरू झाला तेव्हा काळेभोर केस असलेली मंडळी हिरव्या झेंड्याखाली पांढऱ्या डोक्याने उभी होती, आणि खुश होती.

ताळा : मार्ग सुरू झाला तेव्हा दिवसाला सगळ्या मिळून ४० फेऱ्या होत्या. त्या दोन दिशांत आणि नेरुळ-बेलापूर या दोन फाट्यांत वाटून पाहा. एक गाडी चुकली की पुढच्या गाडीला साधारण तास लागे. ठाण्या-दादरचा माणूस तीन मिनिटांनी येणारी गाडी सोडताना हळहळतो, त्याला हा तास सांगून कळणार नाही. पुणे-लोणावळ्याच्या प्रवाशाला कळेल, कारण दुपारी काही तास लोकलच नसते ही त्याची जुनी तक्रार आहे.

इथे नवशिक्याने एक मेख लक्षात ठेवावी. गाड्या कमी ठेवल्या की लोक येत नाहीत. लोक येत नाहीत असा आकडा हाती आला की गाड्या वाढवता येत नाहीत. हे गणित कितीही वेळा सोडवलं तरी तेच उत्तर येतं, म्हणून अहवालात त्याला ‘अपेक्षेपेक्षा कमी प्रतिसाद’ म्हणतात.

स्वाध्याय

१. रिकामी जागा भरा : आमच्या तालुक्यात येत्या ____ वर्षांत लोकल धावेल. (पेन्सिलने लिहावे.)

२. जोड्या लावा.
‘अ’ गट : रेघ आधी कळलेला, रेघेखाली आलेला, रेघेवरून जाणारा.
‘ब’ गट : नोटीस, पास, बंगला.

३. कारणे द्या : कंटेनरला माणसाच्या आधी रूळ मिळतात.

४. फरक स्पष्ट करा : फायनल सर्व्हे आणि शेवटचा सर्व्हे.

५. हिशेब करा : पिंक बुकातल्या १,००० रुपयांत रूळ किती, खडी किती, आणि भूमिपूजनाचा नारळ किती?

६. प्रात्यक्षिक (या प्रश्नाला पर्याय नाही) : फॉर्मचा गठ्ठा घरी ठेवा. संध्याकाळी सात वाजता तालुक्याच्या एसटी स्टँडवर जा. कोण थांबलं आहे, कशासाठी थांबलं आहे, शेवटची गाडी गेली असेल तर आता ते कसे जाणार आहेत, हे वहीत टिपा. तिथून निघून ज्या मुलीने कॉलेज सोडलं तिचं घर शोधा, ज्याने रात्रपाळी सोडली त्याचं शेत शोधा. त्यांना ‘रेल्वे हवी का’ विचारू नका, ते होय म्हणतील. किती वाजता घरी पोचायचं असतं, ते विचारा. मिळालेल्या वेळा अहवालाच्या पहिल्या पानावर घाला, लाल रेघेच्या आधी. कुठल्या गावाला किती गाड्या आणि शेवटची कितीला, हे त्यांवरून ठरवा. बोगदे, पूल आणि परतावा त्यानंतर.

पाटीवर बसलेल्या मावशी तिथे भेटण्याची शक्यता आहे. त्या तेच विचारतील. परतीची वेळ सांगता आली नाही, तर त्यांच्या ‘होय’वर टिक करू नका.